कंपनीतल्या बायकांना छातीच्या आणि दातांच्या तपासणीला न्यायचंय, कोणी जमवलंय का हे?

उद्यमबाग_टाइमऑफिस
नमस्कार सगळ्यांना. लांबण लागेल पण दोन महिने डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहितेय. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या कामाला आहे, एचआरचं कामही बरंचसं माझ्याकडेच. पंपाचे पार्ट बनतात. माणसं एकशे ऐंशी, त्यात बायका ६१, बहुतेक इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला, येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी, धामणे इथून येणाऱ्या, काही खानापूरच्या.

गेल्या वर्षी महिला दिनाला कंपनीने तपासणी कॅम्प ठेवला होता. छाती आणि दात, दोन्ही. बॅनर लावला, मालक बोलले, कॅन्टीनच्या कोपऱ्यात पडदा बांधला. ६१ पैकी नऊ जणी आल्या. त्यातल्या सात दात दाखवून परत गेल्या, पडद्यामागे गेल्या त्या फक्त दोन. तेव्हा मीसुद्धा म्हटलं होतं की फुकट दिलं तरी यांना नको असतं. ते वाक्य आता आठवलं की फार वाईट वाटतं.

कारण या जूनमध्ये पॅकिंगची एक आक्का अर्ध्या दिवसाची रजा मागायला आली आणि टेबलासमोरच रडायला लागली. वय ४४, माझ्यापेक्षा जुनी कंपनीत. डाव्या बाजूला गाठ. कॅम्पच्या वेळी होतीच म्हणे. मी विचारलं मग तेव्हा का नाही दाखवलीस, तर म्हणाली "दुखत नव्हती ओ म्याडम, आणि पडद्याच्या पलीकडं सुपरवायझर चहा पीत उभा होता. त्यात डिस्पॅचचा दिवस, टेबल सोडून कशी जाऊ?" आता तिची केमो चालू आहे. म्हणजे तपासणी तिच्यापासून वीस पावलांवर होती आणि तरी ती तिथपर्यंत पोचली नाही, आणि यात तिची चूक कुठे आहे हे मला काही सापडत नाही.

मला या वर्षी हे नीट करायचंय. कुणी आपल्या कंपनीत केलंय का? काय केल्यावर बायका खरोखर आल्या?

आशा_निपाणी
ताई मी निपाणी भागात आशा म्हणून काम करते. आम्ही ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म भरतो, त्यात तंबाखू खाता का, तोंडात बरी न होणारी जखम आहे का, छातीत गाठ आहे का असं सगळं विचारायचं असतं. बीपी, शुगर, तोंड, छाती आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे. खरं घरात सासू आणि नवरा बसलेला असताना "छातीत गाठ आहे का" विचारलं तर उत्तर नाहीच येतं, दरवेळी. तीच बाई नंतर नळावर भेटली की हळूच सांगते.

म्हणून मी आता सुरुवात दातापासून करते. आमच्याकडं तंबाखूचा भाग, विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या, मशेरी लावणारी तर घरटी एक तरी सापडेल. दात दुखतोय, हिरडी सुजलीय हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही. आधी तोंड बघते, मशेरीचं बोलते, दहा मिनिटं गेली की मग बाई आपणहून पदर सावरत दुसरं सांगते. तुमच्या कॅम्पात सात जणी दात दाखवून परत गेल्या म्हणालात ना, त्या सात तुमच्या दारापर्यंत आल्या होत्या बघा. दातवाल्या टेबलाशेजारी एक बाईमाणूस बसवली असती आणि आतली खोली बंद दाराची असती तर त्यातल्या चार-पाच तरी आत गेल्या असत्या.

उद्यमबाग_टाइमऑफिस
@आशा_निपाणी ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या सातांना "फक्त दात दाखवून गेल्या" असंच धरलं होतं.

छोटा_कारखानदार
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझ्याकडे २४ माणसं, त्यात अकरा बायका. लाइनवरच्या चार जणी एकदम उठल्या तर त्या दिवशी माल जात नाही आणि गिऱ्हाईक दंड लावतं. आरोग्य महत्त्वाचं आहे, पण तपासणी रविवारी ठेवता येते की. मी ठेवली होती एकदा, पैसे पण मीच भरले. तीन आल्या. मग मी काय समजायचं?

होनगा_जुनाएचआर
@छोटा_कारखानदार दादा, रविवारी त्या बाईचं धुणं, बाजार, शेतातलं काम आणि पोरांचं सगळं असतं. आठवड्यातला तिचा एकच दिवस तुम्ही मागितला. कामाच्या वेळेत, पगार न कापता, आळीपाळीने सोडलं तर येतात, हे मी माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत दोन कंपन्यांत बघितलंय. एका वेळी चार जणी, चाळीस मिनिटं. तुमच्या अकरा जणी तीन दिवसांत होतील. रिकाम्या टेबलावर चाळीस मिनिटं कोण बसणार ते आदल्या दिवशी ठरवायचं, बाईवर सोडायचं नाही, कारण ती स्वतःहून कधीच उठणार नाही, तिला मागच्या टेबलावरच्या मैत्रिणीवर भार टाकायचा नसतो.

आता ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं. २१ हजारापर्यंत पगार असलेल्या सगळ्यांना लागू, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे १५ हजार पगारावर महिन्याला दोघांचे मिळून ६०० रुपये जातात. अशोकनगरला ईएसआयचा दवाखाना आहे, दातांचंही त्यात येतं, घरच्यांनाही मिळतं. कंत्राटदाराकडच्या बायकांनाही हे लागू आहे, कंत्राटदाराने भरलं नसेल तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, तेव्हा टाइम ऑफिसने त्यांचे नंबर पण तपासून घ्या. आमच्याकडे निम्म्या बायकांना आपलं ईएसआयचं ई-पहचान कार्ड कुठे आहे हेच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्या कार्डावर सासरचं नाव नव्हतं किंवा जन्मतारीख चुकलेली. ते आधी दुरुस्त करा. आजारपणात ते करायला गेलात तर हाल होतात.

आणि एक गोष्ट बायकांना स्पष्ट सांगा, कारण न जाण्याचं अर्धं कारण तेच असतं. काही निघालं तर नोकरी जाईल ही भीती. साध्या आजारात ईएसआय ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार देतं. कॅन्सर त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, दोन वर्षं नोकरी आणि ठरलेले हजेरीचे दिवस भरले असतील तर ८० टक्के, आणि ते दोन वर्षांपर्यंत वाढू शकतं. हा लाभ चालू असताना मालकाने कामावरून काढायचं नाही असं १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ सांगायचं, आता नवीन संहिता आल्यात, तेव्हा आत्ताचा नियम शाखेत विचारून घ्या. आक्कांचा अर्ज केलाय ना?

उद्यमबाग_टाइमऑफिस
केलाय दादा, पण ९१ दिवसांचाच. ८० टक्क्यांचं मला ठाऊक नव्हतं. उद्याच ईएसआयच्या शाखेत जाते. तिचा नवरा गवंडी आहे, पाऊस आहे तोवर त्याला काम नाही, तिच्याच पगारावर चाललंय सगळं.

दातांचा_डॉक्टर
खानापूर रोडला माझा छोटा दवाखाना आहे, कंपन्यांतले पेशंट रोजचे. आशाताई म्हणतात ते अगदी खरं आहे आणि त्यात मला एक भर घालायचीय. दातांची तपासणी म्हणजे नुसती कीड बघणं नव्हे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गाल, जीभ, जिभेखालचा भाग, ओठाची आतली बाजू बघायला मला दोन मिनिटं लागतात आणि आपल्या भागात ती दोन मिनिटं फार मोलाची आहेत. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तिखट लागलं की आग होणं, तोंड उघडायला त्रास. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दाखवा, ते सुपारी-गुटख्याचं लक्षण असू शकतं.

केरळात तिरुवनंतपुरमला याचा मोठा अभ्यास झालाय, २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासलं, आणि तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. यंत्र काही नाही, टॉर्च आणि बघायची सवय, एवढंच. कर्नाटकात २०१३ पासून आणि पलीकडे महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या पोरांच्या खिशात पुडी असतेच.

रोज ऐकतो ते एक वाक्य, "डॉक्टर, दात साफ केले की हलायला लागतात." तसं होत नाही हो. वर्षानुवर्षांची कीटण हिरडीखाली बसलेली असते, हाड आधीच खाली गेलेलं असतं, कीटण काढली की दात मुळातच सैल झालाय हे कळतं एवढंच. वेळेत काढली असती तर झालाच नसता. ब्रश करताना हिरडीतून रक्त येणं हे पण "उष्णता झाली" म्हणून सोडून देतात. डायबेटिस असेल तर हिरड्या लवकर खराब होतात आणि खराब हिरड्यांमुळे शुगरही आटोक्यात येत नाही, दोन्ही एकमेकांना ओढतात.

खर्चाचं म्हणाल तर केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन डेंटल कॉलेजं गावातच आहेत, कंपनीने पत्र देऊन विचारावं, विद्यार्थ्यांसोबत सिनियर डॉक्टर असतात. लहान कीड भरायला लागतो त्याच्या कितीतरी पट खर्च रूट कॅनाल आणि कॅपला येतो, आणि रात्रभर दाढ दुखलेला माणूस सकाळी मशीनवर उभा असतो तेही धोक्याचंच.

शिफ्ट_बी
मी मच्छेला सीएनसी मशीनवर हाय. हा धागा बायकांचा म्हणून लिहू का नको करत होतो. डॉक्टर तुमी तीन बोटांचं लिवलाय ते वाचून आरशासमोर जाऊन बघितलो. दोनच जातात. मावा खातो आठ-नऊ वर्सं झाली. तिखट खाल्लं की झोंबतंय हे म्हाईत होतं, खरं वाटलं पोटाचं काहीतरी असेल.

बाप्यांची पण तपासणी लावा की म्याडम. आमच्या शेडमध्ये न खाणारा शोधून काढावा लागतोय.

दातांचा_डॉक्टर
@शिफ्ट_बी दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मावा आजच बंद करा, हळूहळू कमी करतो असं नको. या आठवड्यातच कुठल्याही डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा, "तोंड कमी उघडतंय, आत आग होते" एवढंच सांगा, ते पुढचं बघतात. हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही, पण यातल्या काहींचा पुढे होतो, म्हणून सोडायचं नाही. सुटत नसेल तर १८००११२३५६ या सरकारी फोनवर तंबाखू सोडवायला मदत मिळते, पैसे पडत नाहीत.

शिफ्ट_बी
व्हय डॉक्टर. गुरुवारी ए शिफ्ट हाय, दोनला सुटतो. जाणार.

वडगावची_विणकर
मी आणि माझी जाऊ घरीच माग चालवतो वडगावात. आमचा ईएसआय नाही काही नाही. शेजारच्या चौघी-पाच जणी पण तशाच, साडीमागं पैसे, दिवस बुडला तर पैसे बुडाले. कंपनीतल्यांचं होतंय ते चांगलंच आहे पण घरात काम करणाऱ्यांनी कुठे जायचं? आणि ते मशीनमध्ये दाबून फोटो काढतात ते सगळ्यांनाच करावं लागतं का, माझं वय ३६.

आशा_निपाणी
@वडगावची_विणकर ताई तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात जा, ३० च्या वर आहात म्हणजे छाती-तोंड दोन्ही फुकट बघतात, कार्ड लागत नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांच्या दरम्यान जा, तेव्हा छाती जड नसते, तपासायला सोपं जातं. चौघी मिळून जा. एकटीला "कुठं निघालीस" विचारतात, चौघींना कुणी विचारत नाही.

होनगा_जुनाएचआर
दाबून फोटो काढतात त्या मॅमोग्राफीबद्दल, माझी पुतणी शस्त्रक्रियेची डॉक्टर आहे, तिने मला समजावलेलं लिहितो. चाळिशीच्या आधी छाती घट्ट असते, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, काही शंका आली तर सोनोग्राफी करतात. सरसकट सगळ्यांची मॅमोग्राफी कंपनीने करायची गरज नाही. हातांनी नीट तपासणी, शिकलेल्या हातांनी, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. टाटा हॉस्पिटलने मुंबईत १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांवर अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासायच्या. पन्नाशीच्या वरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही, हे पण सांगतो, उगाच वाढवून सांगायचं नाही. पण रोग लवकरच्या स्टेजला सापडला. आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा दहाएक वर्षं आधीच्या वयात दिसतो, आक्का ४४ च्याच आहेत ना. ज्यांच्या आईला किंवा बहिणीला झालाय त्यांनी मात्र डॉक्टरला आधीच विचारावं.

ताई, मालकांना सांगायला अजून एक आधार. नवीन श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात चाळिशीवरच्या कामगारांच्या वर्षातून एकदा मोफत तपासणीचा मुद्दा आहे. करायचंच आहे तर त्यात छाती आणि तोंड घाला. ऑफिसच्या जास्त पगारवाल्यांना, जुन्या टॅक्स पद्धतीत असतील तर, इन्कम टॅक्सच्या वजावटीत तपासणीचे ५ हजारांपर्यंत दाखवता येतात, रोख भरले असले तरी.

कॅम्पातली_शिक्षिका
मी शाळेत शिकवते, आणि मला २०१९ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला होता. आज माझ्या वर्गावर आहे, धागा वाचून राहवलं नाही.

माझी गाठ पण दुखत नव्हती. दुखत नव्हती म्हणूनच मी सात महिने घालवले. सगळ्यांना सांगा, दुखत नाही ती जास्त बघायची. गाठच नाही, कातडी आत ओढल्यासारखी दिसणं, संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंड आत जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, काखेत गोळा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. माझ्याबरोबर त्या दिवशी ओपीडीत बसलेल्या दोघींच्या नव्हत्या, त्या हसत घरी गेल्या, पण ते कळायला सुई टोचून तपासावंच लागतं.

मला सगळ्यात अवघड काय गेलं सांगू का, तपासणी नव्हे, तपासणीनंतरचे अकरा दिवस. चिठ्ठी हातात होती, "पुढील तपासणीसाठी जावे". कुठे जावे, किती वाजता, कुणाला भेटावे, फॉर्म कन्नडमध्ये, मला वाचता येतं पण आईला नाही, मिस्टर टूरवर. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. शेवटी शाळेतल्या शिपाईमावशी म्हणाल्या "चला बाई मी येते" आणि त्या आल्या. कॅम्पात ज्यांना चिठ्ठी मिळेल त्यांच्यासोबत जाणारं माणूस आधी ठरवा ताई, कॅम्पाच्या आधी. ते ठरलं नसेल तर कॅम्प पुढे ढकला असं मी म्हणेन.

आणि बोलवलंत तर मी तुमच्या कंपनीत येईन. भाषण नको. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्यात बसेन.

छोटा_कारखानदार
वाचतोय सगळं. रविवारचं माझं चुकलंच. एक विचारायचं होतं, रिपोर्ट कंपनीकडे यायला पाहिजेत का? मला कळलं नाही तर मी मदत कशी करणार?

कॅम्पातली_शिक्षिका
नाही दादा. रिपोर्ट त्या बाईच्या हातात, बंद पाकिटात. तुम्हाला फक्त किती जणी झाल्या तो आकडा. मदत हवी असेल तर ती येऊन सांगेल, आणि ती यावी असं वाटत असेल तर आधी तिला खात्री पाहिजे की न सांगता तुम्हाला काही कळणार नाही.

उद्यमबाग_टाइमऑफिस
उशीर झाला उत्तर द्यायला, धावपळ चालू होती. काय ठरलं ते लिहिते.

मालकांना मी आक्काचंच सांगितलं, तिला विचारून. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले काय पाहिजे ते लिहून आण. कॅन्टीन नाही, आमची ट्रेनिंग रूम, दाराला आतून कडी. डॉक्टर बाई, दातांच्या डॉक्टरपण बाईच मिळाल्या. पहिला टेबल दातांचा, तिथून आतली खोली, आत जायचं की नाही ते जिचं तिने ठरवायचं. सकाळी चहाच्या आधी चार आणि दुपारी चार, हजेरी पूर्ण. पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत, अक्षर मोठं. पाकीट बंद. बाप्यांचं पुढच्या महिन्यात. कंत्राटी सतरा जणींची नावं यादीत घेतली, त्यातल्या पाच जणींचा ईएसआय नंबरच निघाला नव्हता, कंत्राटदाराला बोलावून घेतलं. आक्काचा वाढीव लाभाचा अर्जही दिला, दिवस भरतात तिचे.

शिक्षिकाताई मंगळवारी येऊन गेल्या. डब्यात मटकीची उसळ होती, अर्धी त्यांची संपवली आमच्या बायकांनी. कुणीतरी विचारलं केस परत आले का, त्यांनी अंबाडा सोडून दाखवला.

आज पहिल्या दोन बॅच झाल्या. आठच्या आठ आल्या, आत गेल्या सहा. एकीच्या गालात मशेरी ठेवायच्या जागी पांढरा चट्टा निघाला. तिनेच येऊन मला सांगितलं, शनिवारी डेंटल कॉलेजला मी सोबत जातेय. आत न गेलेल्या दोघींनी जाताना विचारलं, म्याडम शेवटच्या दिवशी परत नंबर लावला तर चालेल का. चालेल म्हटलं.

@शिफ्ट_बी दादा, गुरुवारी गेलात का, कळवा.

उद्या सकाळी इन्स्पेक्शनची बॅच. बदली माणूस आजारी पडलाय, म्हणून त्या चाळीस मिनिटांसाठी दोन नंबरच्या टेबलावर मीच बसणार आहे. गेज कसं लावायचं ते आज संध्याकाळी थांबून शिकून घेतलं.

शिफ्ट_बी
जाऊन आलो म्याडम. फोटो काढलेत तोंडाचा, गोळ्या दिलेत, आणि तोंड उघडायचा व्यायाम दिलाय, रोज. पुढच्या गुरुवारी परत बोलावलेत. मावा बंद होऊन आज चौथा दिवस. शेडमधला अजून एक येतो म्हणालाय माझ्यासंगट.